बाईंच्या शाली

बाईंनी आमच्या शाळेत पाऊल टाकलं आणि पहिली चौकशी केली ती मुतारीच्या किल्लीची.

पुण्याहून मोठ्या संशोधक बाई येणार म्हणून आम्ही व्हरांडा धुऊन काढला होता, फळ्यावर सुविचार लिहिला होता, चौथीच्या पोरींकडून स्वागतगीत बसवून घेतलं होतं. बाई आल्या त्या एकट्या आणि चालत. खांद्याला कापडी पिशवी, पायांत पुरुषी सँडल, कानाच्या वर कापलेले पांढरे केस. गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत त्यांनी हात वर केला. "छान म्हणताय गं. पण आधी मुतारी कुठाय ते सांगा."

मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, गोरेमोरे झाले. मुतारीला कुलूप होतं. पोरं घाण करतात म्हणून ती एरवी बंद ठेवायची आणि साहेब लोक आले की उघडायची, असा आमच्याकडचा रिवाज. त्या दिवशी किल्ली शिपाईमामांच्या खिशात होती आणि मामा हार आणायला बाजारात गेले होते.

"मॅडम, माझं घर इथं शेजारीच आहे," गुरुजी म्हणाले. "तिकडं चला ना."

"पोरी कुठं जातात?"

गुरुजी मामांची वाट बघत रस्त्याकडं पाहू लागले. बाई सरळ पायरीवर बसल्या. "मग मीही थांबते. पोरींना जमतं तर मला न जमायला काय झालं?"

मामा हार घेऊन आले. हार राहिला बाजूला, आधी कुलूप उघडलं. बाई जाऊन आल्या आणि येताना ते कुलूप त्यांनी आपल्या पिशवीत टाकलं. त्यानंतर आमच्या मुतारीला कुलूप लागलं नाही. मामा पुढं बरेच दिवस ते मागत होते. बाई दर वेळी "शोधते हं" म्हणायच्या.

मी तेव्हा त्या शाळेत पहिलीला शिकवत होते. माहेर बावड्याचं, सासर बारामतीचं, त्यामुळं जीभ दोन्हीकडून धार लावलेली. मी शेजारच्या बाकावरच्या मॅडमना हळूच म्हटलं, "म्हातारी नाटकी दिसतीय." बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. ऐकू गेलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाई येण्यामागं कारण होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमची शाळा कालव्याच्या अलीकडं, मार्केट यार्डामागच्या वस्तीत. तीन खोल्या, एक व्हरांडा, एक कडुलिंब. मुलं भाजी विकणाऱ्यांची, हमालांची, बांधकामावर जाणाऱ्यांची. ही शाळा बंद करून पोरं मोठ्या रस्त्याच्या पलीकडं बांधलेल्या नव्या आदर्श शाळेत न्यायची, असं शिक्षण खात्यातल्या वरच्या साहेबांनी योजलं होतं. तिथं प्रयोगशाळा होती, संगणक होते, पंख्याची स्टाफरूम होती. आणि गंमत अशी की ही कल्पना मुळात बाईंचीच. तरुणपणी त्यांनी एक अहवाल लिहिला होता. वस्त्यांमधल्या लहान-लहान शाळा एकत्र करा, गरिबाचं आणि सुखवस्तूचं पोर एका बाकावर बसवा, असं त्यात होतं. त्या अहवालानं बाईंचं नाव झालं. साहेबांनी तो पाठ केला होता. म्हणून तर नव्या शाळेच्या सल्लागार समितीचं अध्यक्षपद त्यांनी बाईंना देऊ केलं आणि आमची शाळा बघून तेवढी एक शिफारस लिहून द्यायला बोलावलं. बाईंच्या सहीवर शाळा राहणार की जाणार, हे ठरणार होतं.

खरं सांगते, मला ती नवी शाळा हवीच होती. पंखा कुणाला नको असतो?

सही करायला दोन दिवस पुरले असते. बाईंनी वस्तीच्या तोंडाशी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. साहेबांना वाटलं, मॅडम सखोल अभ्यास करतायत. वस्तीला वाटलं, बाईंचं घरी कुणाशी तरी वाजलंय.

तसं बाईंना घरचं म्हणावं असं कुणी नव्हतंच. मूळच्या त्या इंदापूरकडच्या कळस गावच्या. आयुष्य पुण्या-मुंबईच्या वस्त्यांमधल्या शाळांत गेलं. त्यांच्या हाताखाली शिकलेले प्राध्यापक झाले, परदेशांत त्यांची भाषणं झाली. मी एकदा विचारलं, "बाई, एवढ्या फिरलात, मग उतारवयात बारामतीच का?" तर म्हणाल्या, "मोठ्या शहरांत मी नेहमी उशिरा पोचले. तोवर शाळा एकीकडं आणि पोरं दुसरीकडं झालेली असायची. बारामती आत्ता कुठं शहर व्हायला लागलीय. हिला तरी वेळेत गाठू दे."

बाईंचं बोलणं शुद्ध, पुस्तकी, अगदी रेडिओवर लावावं असं. पण राग आला की ते थेट कळसला उतरायचं. बाई "मला असं वाटतं" म्हणाल्या की निर्धास्त असावं. "मला काय न्हाय वाटत" म्हणाल्या की समोरच्यानं खुर्ची मागं सरकवावी.

त्या वर्गात आल्या की खुर्ची नाकारायच्या आणि शेवटच्या ओळीत पोरांमध्ये मांडी घालून बसायच्या. पाणी घरून आणायच्या नाहीत, शाळेच्या टाकीचं प्यायच्या. मी म्हटलं, "अहो, बाधेल."

"ज्या शाळेचं पाणी मला पिववत नाही, तिच्यावर मी लिहिणार काय, कपाळ?"

हे गुरुजींच्या कानावर गेलं. म्हातारीला जुलाब झाले तर आपल्या नोकरीवर यायचं, या भीतीनं त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः उभं राहून टाकी घासून घेतली. वस्तीतल्या बाया त्यासाठी कधीपासून सांगून थकल्या होत्या.

बाईंनी आम्हाला कधी काही विचारलं नाही. आम्ही उत्तरं तयार ठेवून बसलेलो आणि परीक्षकच गायब! त्या तासन् तास गिरणीत बसायच्या. घरून आणायच्या मोजून किलोभर ज्वारी. गिरणीवाले तात्या कावले. "बाई, पायलीभर आणा की येकदम. तुमच्या किलोसाठी सारखी सारखी चक्की लावायची म्हंजी काय?"

"तात्या, पायलीभर आणलं तर मी रोज कुठं बसू?"

मला त्यांनी त्यातलं इंगित सांगितलं. "विचारलं की लोक बरं सांगतात. नुसतं बसलं की खरं सांगतात." मी हे वाक्य पुढं बऱ्याच प्रशिक्षणांत माझं म्हणून खपवलंय. बाईंना कळलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या.

आता शालींचं सांगायला हवं. आमच्याकडं शाल-नारळाशिवाय कार्यक्रम सुरूच होत नाही, आणि बाईंसारखा पाहुणा म्हणजे आयोजकांना पर्वणीच. इंदापूरपासून वडगाव निंबाळकरपर्यंत त्यांना बोलावणी यायची. नारळ हातात पडला की बाई तो तिथंच स्टेजच्या पायरीवर आपटायच्या आणि पुढच्या रांगेतल्या पोरांना खोबरं वाटायच्या. अध्यक्षांचं भाषण मग सगळ्यांच्या चघळण्यात व्हायचं. शाली मात्र त्या निमूट घेऊन यायच्या. आयुष्यभराच्या शालींची एक पत्र्याची ट्रंक त्यांच्या खोलीत होती. अंगावर घेतलेली एकही मी पाहिली नाही. कुणी ओढून पांघरलीच तर फोटो होईस्तोवर ठेवायच्या आणि लगेच घडी घालायच्या.

चौथीत रेश्मा नावाची मुलगी होती. तिची आई शालन पहाटे यार्डात लिलावाला जायची आणि दिवसभर हातगाड्यावर भाजी विकायची. रेश्माच्या कडेला सदा तिचा धाकटा भाऊ. वर्गात तान्हं मूल आणायचं नाही हा आमचा नियम, म्हणून ती खिडकीबाहेर उभी राहून धडा ऐकायची आणि थोड्या वेळानं निघून जायची. हजेरीत ती गैरहजर. अशा आणखीही मुली होत्या.

बाईंनी हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पिशवीतून दोरी काढली, एक जरीकाठाची शाल काढली आणि व्हरांड्याच्या आढ्याला झोळी बांधली. कुठल्याशा विद्यापीठानं दिलेली शाल होती ती. रेश्माच्या भावानं पहिल्या झटक्यात ती ओली केली.

मी ओरडले, "बाई, अहो सन्मानाची शाल!"

"मग सन्मानच झाला की तिचा," बाई म्हणाल्या आणि दोरी ओढून गाठ तपासली.

महिन्याभरात व्हरांड्यात झोळ्यांची रांग लागली. कोणतं बाळ कुणाचं ते आम्ही शालींवरून ओळखू लागलो. मी गणित शिकवत असताना बाहेरून आवाज यायचा, "आगं, कोल्हापूरची शाल रडतीया बग!" की एखादी मुलगी पळत जाऊन झोका देऊन यायची. पोरांची दुपारची खिचडी शिजवणाऱ्या मावशी आळीपाळीनं लक्ष ठेवायच्या. रेश्मा वर्गात बसू लागली. आम्हाला पहिल्यांदा कळलं की ती पोरगी किती हुशार आहे. नियम करताना आम्ही कुणाला बाहेर ठेवत होतो हे आम्ही पाहिलंच नव्हतं.

इतकं होऊनही साहेब आले की वर्ग ओस असायचे. आमचे साहेब तसे वाईट नव्हते, पण ते यायचे नेमके आठवडी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी वस्तीतलं एकूण एक पोर बाजारात आईबापाच्या पालाशेजारी बसलेलं असतं. आम्ही सांगायचो, "साहेब, आज बाजार आहे." ते म्हणायचे, "बाजार काय, रोजच असतो." आणि जीपमध्ये बसून जायचे. कागदावर आमची शाळा दर भेटीत थोडी थोडी मरत होती.

शेवटी साहेबांनी बाईंना शिफारशीची आठवण केली. बाई म्हणाल्या, "देते. पण आधी सगळे मिळून नव्या शाळेपर्यंत चालत जाऊ." साहेब आले, समितीतले दोघे-तिघे आले, पालक आले. बाईंनी एकच अट घातली. पुढं माझ्या पहिलीतली गौरी चालेल. वर्गातली सगळ्यात लहान, मिरचीएवढी. तिच्या पुढं कुणी जायचं नाही.

साहेब आयुष्यात इतकं हळू कधी चालले नसतील. गौरीनं शेळीचं करडू पाहिलं, सगळे थांबले. गौरीनं पायातला काटा काढला, सगळे थांबले. साहेब घड्याळ बघत होते आणि बाई मजेत चालत होत्या.

मग मोठा रस्ता आला. उसाचा हंगाम होता. एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस डुलतोय, आत मोठ्या आवाजात गाणी. गौरी काठावर थांबली आणि तिनं सवयीनं वर हात केला. जवळ साहेब होते. तिनं त्यांचंच बोट धरलं. जरा मोकळीक दिसली तसे सगळे निघाले. मध्यावर गौरीच्या पायातली चप्पल निसटून मागं राहिली आणि ती पोर साहेबांच्या हाताला हिसका देऊन मागं वळली. साहेबांनी तिला झडप घालून उचललं. ट्रॉली चपलेवरून गेली.

पलीकडं पोचलो. गौरी तेवढी रडत होती. "माजी चप्पल. आई मारंल." साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. परत येताना त्यांनी तिला खाली उतरवलंच नाही. पंख्याच्या स्टाफरूमचं वेड त्या रस्त्यावर उतरलं ते कायमचं.

आठवड्यानं आमच्या व्हरांड्यात सभा भरली. झोळ्या जरा उंच बांधून जागा केलेली. साहेब उठले. "रस्त्याचं मला मान्य आहे. आपण बस लावू. पण पट बघा. मी आलो तेव्हा पोरं कधीच नव्हती. आणि शेवटी हे मी म्हणत नाही. मॅडमनीच लिहून ठेवलंय." त्यांनी बाईंचा तो जुना अहवाल काढला आणि खुणा केलेला उतारा वाचून दाखवला. लहान शाळा गरिबाला गरीबच ठेवतात, असं काहीसं होतं. वाक्य अगदी बाईंच्या ठसक्यातलं. वस्तीतल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. शालननं पदर तोंडाला लावला. आता बाई काय करणार? स्वतःच्या लिहिण्याला नाही म्हणायचं तर उभ्या आयुष्याच्या नावावर पाणी. हो म्हणायचं तर शाळा गेली.

बाई बसल्या जागेवरूनच बोलल्या. "कुणी लिवलंय ते?"

मी मनात म्हटलं, उतरली गाडी कळसला.

"तुम्हीच मॅडम," साहेब हसून म्हणाले.

"त्या बाईला मी वळखती," बाई म्हणाल्या. "हुशार हुती. येका बाकाचं तिचं म्हननं आजबी खरं हाय. पन ती जीपमधनं हिंडायची. पोराच्या बोटाला धरून रस्ता काय तिनं वलांडला न्हवता. चुकलं तिचं."

साहेब गडबडले. "मग मॅडम, ते समितीचं अध्यक्षपद..."

"ते तिलाच द्या. मला नगं."

कुणीतरी फस्सकन हसलं, बहुतेक मीच. बाईंचं अजून संपलं नव्हतं. "आता पटाचं बोलू. साहेब, भाजी कुठनं घेता तुमी?"

"म्हणजे? बाजारातून."

"कुनाकडनं?"

साहेबांनी उत्तर द्यायच्या आत मागून शालन बोलली. "माज्याकडनंच घेत्यात की. दर बाजारला, हितनं जाता जाता. कोथमीर, मेथी. माजी रेश्माच बांधून देती त्यास्नी."

साहेबांनी रेश्माकडं नीट पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "अरे हो! मी मघापासून म्हणतोय, हिला कुठंतरी पाहिलंय."

"हितं गैरहजर मांडायची," बाई म्हणाल्या, "आन् तितं तिच्याच हातची कोथमीर घ्यायची. साहेब, पोरं कुठं हायती म्हनून कागदाला काय इचारता? पिशवीला इचारा."

हसण्याचा असा गलका झाला की वर बांधलेल्या झोळीतलं एक बाळ जागं झालं. सगळ्यांत मोठ्यानं साहेबच हसले आणि त्यासाठी मी त्यांना आजही मानते. पुढचं मग सरळ झालं. बाजारादिवशी सकाळची शाळा भरवायची आणि तोवर आयांनी पाल एकटीनं सांभाळायचं असं ठरलं. शालन म्हणाली, "सांभाळीन की. रेश्मा न्हवती तवाबी सांभाळीतच हुते." साहेब एका भलत्याच वारी न सांगता येऊन गेले. वर्गात त्यांना उभं राहायला जागा नव्हती. आमची शाळा राहिली. पुढं नव्या शाळेची प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा आमच्या मुलांना मिळाली आणि त्यांना न्यायला गाडी आली. तेही बाईंनीच भांडून घेतलं.

फुकट काहीच मिळत नाही. बाईंची बोलावणी आटली. ज्यांनी त्यांच्या अहवालावर आपली घरं बांधली होती त्यांना बाई अडचणीच्या झाल्या. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका प्राध्यापकानं कुठंतरी लिहिलं की बाई आता हळव्या झाल्यात. मला राग आला, तावातावानं मी ते त्यांना वाचून दाखवलं. बाई ज्वारी पाखडत होत्या. "बरोबर लिहिलंय. पण ह्याला इतकं कळतं तर हा अजून पुण्यात काय करतोय?" म्हणाल्या आणि सूप झटकलं.

परीक्षा संपल्यावर वस्तीनं बाईंचा सत्कार ठरवला. वैशाखातली दुपार, व्हरांड्यावर पत्रा, पत्र्याखाली आम्ही. हार झाला. नारळ बाईंनी पायरीवर आपटला, पोरांनी खोबरं पळवलं. मग शालन पुढं आली आणि तिनं बाईंच्या खांद्यावर शाल टाकली. बाजारात मिळते तसली, साधी, जांभळी. बायांनी मिळून घेतलेली.

बाईंनी सवयीनं ती लगेच काढली, दोन्ही हातांत धरून ताणून बघितली आणि म्हणाल्या, "पोत चांगलाय. पर झोळीला जरा आखूड पडंल का गं?"

शालननं ती त्यांच्या हातातून घेतली आणि पुन्हा त्यांच्या खांद्यावर नीट बसवली. "ही झोळीची न्हाय, बाई. ही तुमची." मग तिनं मागं वळून रेश्माच्या हातातलं दुसरं गाठोडं घेतलं. "झोळीसाठी येगळी आनलीया."

बाईंना प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असायचं. त्या दिवशी त्यांनी नुसती शालीची कड चिमटीत धरली. मी शेजारी होते. मला भरून आलं होतं, आणि मी ते लपवलं नाही.

हल्ली बाई इंदापुरात असतात, तिथल्या एका शाळेच्या मागं लागल्यात. तिथल्या मुतारीचं कुलूपही एव्हाना त्यांच्या पिशवीत गेलं असणार. पण मला बाई आठवतात त्या सत्काराच्या दुपारच्या. नंतर गुरुजी बोलले, साहेब बोलले, पोरींनी ते जुनं स्वागतगीत एकदाचं पूर्ण म्हटलं. पत्रा तापला होता, बाईंच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, मी दोनदा म्हटलं, "बाई, आता काढा ती." कार्यक्रम संपून सतरंज्या गुंडाळेपर्यंत त्यांनी शाल काढली नाही.